कोपरापासून नमस्कार

निमोणे, ता. शिरूर
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे, तरी लाल पेन जवळ घेऊनच वाचा. दोन चुका मला आत्ताच दिसताहेत, पण खाडाखोडीचेही तुम्ही गुण कापता, म्हणून तशाच ठेवल्या.

बातमी अशी, की मी घरी फोटो छापायचा प्रिंटर घेतला. बाबांनी खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याच्यात दळण पण होतं का?" आजी म्हणाली, "हिच्या डोक्यात होतंय तेवढं पुरं."

आता मुद्दा. तुमच्या बैठकीत सतीशकाकांच्या लग्नाचा ग्रुप फोटो आहे. त्यात चौदा माणसं आणि एक कोपर आहे. कोपर आजीचं. एकवीस वर्षांपूर्वी तिने तो भिंतीवर पाहिला, आणि त्यानंतर सख्ख्या भावाच्या, म्हणजे तुमच्या, घराचा उंबरा ओलांडला नाही. मला सुट्टीत तुमच्याकडे बाराखडी शिकायला सोडायला यायची तेव्हाही फाटकातूनच परत जायची. मी कारण विचारलं की म्हणायची, "अक्षर त्याचं चांगलं हाय. बाकी त्याच्यात शिकण्यासारखं काय न्हाई."

३० नोव्हेंबरला तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण होतात. सतीशकाका परवा बोलावणं घेऊन आले, तेव्हा आजी म्हणाली, "ज्या दिशी भिंतीवर मी अख्खी दिसंन, त्या दिशी येईन. तवर त्याला माझा कोपरापासून नमस्कार." आधी ती 'कोपरापासून जयभीम' म्हणणार होती, पण मी म्हणाले, जयभीमला कोपर लावू नकोस. तेवढं तिने ऐकलं.

म्हणून त्या फोटोची निगेटीव्ह पाठवाल का? स्टुडिओवाल्याकडून छापताना कडेची आजी कापली गेली असणार. निगेटीव्हमध्ये ती अख्खी असेलच. मी नवीन मोठा फोटो छापते, तो तुम्ही लावा, आणि ती येईल.

शिवाय चांगला आरसी पेपर शिरूरला मिळाला नाही. दौंडला मिळाले तर वीस तरी पाठवा.

तुमची
रश्मी


दौंड
२२ सप्टेंबर २०२५

चि. रश्मी,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. 'निगेटीव्ह' नव्हे, 'निगेटिव्ह'. ही चूक दोनदा केलीस, म्हणजे ती चूक नसून तुझं मत आहे. दहापैकी सात.

आरसी पेपर रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत. वीस जमले नाहीत, घरात दोनच गाड्या आहेत. एक सतीशच्या मोटारसायकलचं आरसी बुक, दुसरं माझ्या जुन्या मोपेडचं. फोटो छापायला गाडीचे कागद कशाला लागतात ते समजलं नाही, पण हल्ली सगळीकडे कागद मागतातच. त्यावरच छापणार असशील तर मागच्या बाजूने छाप, पुढे इंजिन नंबर आहे.

निगेटिव्ह कुठे ठेवली ते आठवत नाही. शोधतो. वयही झालं.

तुझ्या आजीला माझा खांद्यापासून नमस्कार. ती थोरली आहे, मी जास्त वाकलं पाहिजे.

तुझा
आप्पा


निमोणे
२९ सप्टेंबर २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

दोन्ही आरसी बुकं उलट टपाली पाठवली आहेत. पोस्टातून घरी आणेपर्यंत मी पिशवी छातीशी धरून होते. सतीशकाकांना चौकात कुणी अडवलं असतं तर? कृपया गाडी पोहोचेपर्यंत त्यांना चालत पाठवा. म्हणजे कागद पोहोचेपर्यंत. हे वाक्य चुकलं आहे, मला माहीत आहे.

आप्पा, आरसी पेपर म्हणजे फोटोचा कागद. त्याला दोन्ही अंगांनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो पाण्याने फुगत नाही.

तोवर मी शिरूरहून आणलेल्या साध्या चकचकीत कागदावर सराव केला. पहिला फोटो बाबांचा. कागद उलटा घातला गेला. मागच्या बाजूला शाई मुरतच नाही, नुसती वर बसते. मी बोट लावलं आणि बाबांची मिशी कानापर्यंत गेली. दुसऱ्या वेळी बाजू बरोबर होती, पण संगणकात 'साधा कागद' असंच निवडलेलं राहिलं, त्यामुळे बाबा आजारी दिसले. बाबा म्हणाले, "पहिलाच बरा होता."

कागदाची बाजू ओळखायची एक युक्ती सापडली: कोपरा ओठाला लावायचा, ज्या बाजूला चिकटेल ती छापायची. आता ते काम आजीने घेतलं आहे. प्रत्येक कागदाला ओठ लावते आणि "ही" किंवा "न्हाई" म्हणते. एकदाही चुकली नाही. फक्त कोपऱ्याला मिश्री लागते. वर मला दात दाखवते: "बघ, ह्या वयात बत्तीसच्या बत्तीस. मिश्रीची करामत."

(हे आपल्यातच राहू द्या. आजीच्या खाटेखाली एक झाकणाची वाटी असते. तिच्यात काय असतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, हे फक्त आजीला माहीत नाही. झाडताना आम्ही वाटीभोवतीने झाडतो.)

कागद मी आता चकचकीत घेणार नाही. तुमच्या बैठकीत फोटोच्या समोरच ट्यूबलाइट आहे, चकचकीत कागदावर नुसती ट्यूबच दिसेल. मॅट घेईन, म्हणजे बिनचमकेचा. कागद मी आणते, तुम्ही फक्त निगेटिव्ह शोधा. वेलांटी बघा.

तुमची
रश्मी


दौंड
९ ऑक्टोबर २०२५

चि. रश्मी,
अनेक आशीर्वाद.

वेलांटी पाहिली. दहापैकी आठ.

निगेटिव्ह सापडत नाही. माळा पाहिला, ट्रंक पाहिली. उंदरांनी खाल्ली असावी. दौंडचे उंदीर रेल्वेचे आहेत, काहीही खातात.

पण तुझ्याकडे एवढं संगणकाचं ज्ञान आहे तर निगेटिव्ह हवीच कशाला? सतीश सांगतो, हल्ली प्रोग्राम नसलेला माणूसही काढून देतात. इथल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून सतीश तुला पाठवतो. कोपर आहेच. त्याला पुढे आजी जोडून घे. आणि जरा हसरी जोड, मूळची हसरी नाही.

मॅट म्हणजे चटई असं सूनबाई सीमा म्हणते. तिने एक काढून ठेवली आहे, हवी असेल तर घेऊन जा.

तुझा
आप्पा


निमोणे
३० ऑक्टोबर २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

या पत्रात एक कबुली आहे.

तुम्ही सांगितलंत तसं मी प्रोग्रामला कोपर दिलं. त्याने कोपराला एक बाई जोडली. गोरी, नाक चाफेकळी, केस मोकळे. मी दाखवायला नको होतं, पण आजी मागेच उभी होती. ती म्हणाली, "ही कोण भवानी? आन् हिला माझं कोपर कसं?" मग म्हणाली, "चांगदेवला माझ्याऐवजी हीच बहीण पाहिजे असंल तर केक हिलाच भरव म्हणावं. मी येत न्हाई." दोन दिवस तिने कागदाला ओठ लावला नाही.

खोटी आजी छापणं मलाही पटत नव्हतं. म्हणून गेल्या रविवारी न्हावऱ्याला गाडी बदलून मी दौंडला आले. तुम्ही विहारात वंदनेला गेला होतात. सीमाकाकूला विचारलं, तर तिने पाच मिनिटांत तुमच्या कपाटातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून दिला. त्यावर तुमच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'सतीश लग्न, मे २००४, निगेटिव्ह. हात लावू नये.' आप्पा, मी हात लावला. तुम्हाला न विचारता घेऊन आले. रस्ताभर वाटत होतं की कंडक्टर विचारेल.

ज्या माणसाने रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षांत एक नग हरवला नाही, त्याला स्वतःच्या कपाटातला डबा सापडत नाही, याचा मला राग आला होता. मला वाटलं, तुम्हाला आजी यायलाच नको आहे.

लॅपटॉपवर पांढरं पान उघडून त्यावर निगेटिव्ह ठेवली, वरून मोबाइलने फोटो घेतला आणि प्रोग्राममध्ये रंग उलटे केले. पहिल्यांदा सगळं वऱ्हाड निळं आलं. नवरीसुद्धा. तासभर एकेक रंग सरकवल्यावर माणसं माणसांच्या रंगाची झाली. आणि अगदी कडेला आजी. अख्खी. हिरवं लुगडं, ताठ मान, फक्त गाल आत गेलेले. मांडीवरच्या हातात काहीतरी गुलाबी पांढरं होतं. मला वाटलं, बुंदीचा लाडू. चारशे टक्के मोठं करून पाहिलं.

आप्पा, लाडवाला दात नसतात.

मी लॅपटॉप लगेच मिटवला. आता माझा राग गेला आहे आणि त्या जागी काय आलं आहे ते कळत नाही. तुम्हाला हे माहीत होतं, म्हणून तिला कापलंत का? आणि मी आता काय छापू?

तुमची
रश्मी


दौंड
६ नोव्हेंबर २०२५

चि. रश्मी,

या वेळी तुझं पत्र तपासलं नाही.

आरसी पेपर म्हणजे काय, ते मला तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी स्टेशनरीवाल्याने सांगितलं होतं. मला वेळ काढायचा होता. सतीश दहा-बारा दिवस बिनकागदाचा फिरला, त्याला अजून माहीत नाही. सांगू नकोस.

लग्नाच्या आठ दिवस आधी तुझ्या आजीला, माझ्या साळूअक्काला, मीच इथल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. वरची कवळी, खालची कवळी. तिने मला शपथ घातली: "कुणाला कळलं तर तुझं तोंड बघणार न्हाई." कवळी नवी होती, बोचत होती. फोटोवाला अजून माणसं बसवतोय असं समजून तिने ती घटकाभर हातात काढून घेतली, आणि त्याने बटण दाबलं. फोटो धुऊन आला तेव्हा प्रथम मीच पाहिला. त्याची प्रत घरोघर जाणार होती. व्याह्यांकडेसुद्धा. मी त्याला म्हणालो, ही कड कापून सगळ्या प्रती काढ. कोपर राहिलं, त्याला इलाज नव्हता. आणखी कापलं असतं तर शेजारचे मामा गेले असते.

तिने भिंतीवर पाहिला तेव्हा व्याही बसलेले. सगळ्यांदेखत म्हणाली, "मला काढून टाकलंस व्हय रं?" मी काय सांगणार होतो? नंतर एकटीला गाठून सांगायला हवं होतं. पण ती जाताना फाटकातून मला 'कातऱ्या' म्हणाली, आणि मलाही राग आला. राग धरला की वर्षं फार पटकन जातात, रश्मी.

छापू नकोस. ती वाढदिवसाला आली नाही तर मला वाईट वाटेल, पण ते मी सोसेन. तिला दिलेला शब्द पंचाहत्तराव्या वर्षी मोडायचा नाही. डबा परत पाठव.

आप्पा


निमोणे
१९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

तुम्ही छापू नकोस म्हणालात. मी ऐकलं नाही, आणि त्याआधी काय काय केलं ते क्रमाने सांगते.

प्रोग्राममध्ये हसू दुरुस्त करायचं एक बटण आहे. ते दाबलं तर आजीला दात येतील, हात रिकामा करता येईल, तुमचा शब्द राहील आणि आजी भिंतीवर अख्खी दिसेल. मी दाबलं. आजी हसली. मी दात मोजले, वरच्याच ओळीत वीस होते. शिवाय हातातल्या कवळीलाही त्याने आपल्याच मनाने पॉलिश करून दिलं. मी ते पुसून टाकलं.

मग मनात आलं, फोटो तुमचा आहे, प्रिंटर माझा आहे, पण दात तिचे आहेत. तिलाच विचारायला हवं. आई-बाबा शेतावर गेले तेव्हा मी मॅट कागदावर अख्खा फोटो छापला, कडा पांढऱ्या ठेवून, म्हणजे काही कापलं जाणार नाही, आणि तिच्या हातात दिला.

तिने बराच वेळ पाहिला. मग मान वर न करता विचारलं, "तुला ठावं हाय?"

"हो."

"कवापास्नं?"

"लहान होते तेव्हापासून."

"आन् तुझ्या आयला?"

"सगळ्यांना, आजी."

"मंग मी इतकी वर्सं वाटी कुणापास्नं झाकतीय?"

मला हसू आलं, आणि ती मला मारेल असं वाटून मी मागे सरकले. मारलं नाही. मग मी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं, 'कातऱ्या'सकट. तिने एवढंच विचारलं,

"त्यानं सीमालाबी न्हाई सांगितलं?"

"नाही."

"मलाबी न्हाई. गाढव." मग पदराचं टोक नाकाला लावून म्हणाली, "लहानपणापास्नं आसाच हाय. सांगितलं ते करतंय, आन् कुठं थांबायचं ते कळत न्हाई."

थोड्या वेळाने तिने फोटो चार घड्या घालून चंचीत ठेवायला घेतला. मी ओरडले, आजी, घडी नको, दोनशे तीस जीएसएमचा जाड कागद आहे! तिने विचारलं, "रविवारची दौंडची यष्टी कवाची हाय?"

तुमच्या भिंतीवर काहीही बदलू नका, असं तिने बजावून सांगितलं आहे. कोपर तसंच राहू द्या.

तुमची
रश्मी

ता. क. लापशीत खोबऱ्याचे तुकडे घालू नका. कारण तुम्हाला माहीतच आहे.


निमोणे
९ डिसेंबर २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

वाढदिवसाचा ग्रुप फोटो सोबत पाठवत आहे. परत आल्यापासून आजी गावभर सांगते आहे, "भावानं एकवीस वर्सं तोंड मिटून ठिवलं, म्हणून माझं तोंड झाकलेलं राहिलं." ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही आता सगळं माहीत झालं आहे.

मला अजून तो क्षण दिसतो. सगळे खुर्च्यांवर बसलो होतो, सतीशकाका मोबाइल लावून पळत आले, आणि आजीने भर बैठकीत कवळी काढून तुमच्या हातात ठेवली. "धर जरा. मागल्या टायमाला मी धरली व्हती." तुम्ही ती दोन्ही हातांनी धरलीत, पार्सलचा नाजूक नग धरावा तशी. सीमाकाकूचं हसू थांबेना म्हणून फोटो तीनदा काढावा लागला. तुम्ही अगदी कडेला होतात, कारण मधली खुर्ची आजीने घेतली होती.

कागद मॅट, दोनशे तीस जीएसएम. बाजू आजीने ओठ लावून पाहिली आहे. छापताना ती माझ्या शेजारी बसून होती. 'कडा ठेवायच्या की बिनकडेचा पूर्ण कागदभर?' असं प्रोग्रामने विचारलं, तेव्हा ते तिने मला मोठ्याने वाचायला लावलं, बिनकडेच्या फोटोत कडेचं काय काय कापलं जातं ते नीट समजावून घेतलं, आणि मग मला काय दाबायचं ते सांगितलं.

आप्पा, मी जाणूनबुजून एक चूक केली आहे. दाबताना वाईट वाटलं नाही. हे बरोबर आहे का, ते तुम्हीच तपासून सांगा.

तुमची
रश्मी


दौंड
१७ डिसेंबर २०२५

चि. रश्मी,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

फोटो मिळाला. कागद सुरेख आहे, ट्यूबलाइटची जरासुद्धा चमक नाही. माणसं माणसांच्या रंगाची आली आहेत. साळूअक्का मधोमध, बोळकं उघडून हसते आहे. मूळची हसरी नाही, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य माझ्या पत्रातून लाल पेनाने काढून टाक.

उजव्या कडेला पांढऱ्या सदऱ्याचं एक कोपर आहे. सीमाने विचारलं, "हे कुणाचं?"

जुन्या फोटोशेजारी खिळा ठोकून हा लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही कोपरं दाखवतो.

पत्राला दहापैकी दहा. अक्काला सांग, कोपरापासून नमस्कार. सध्या माझं तेवढंच शिल्लक आहे.

तुझा
आप्पा